पती हयात आहे

ऑफिसात तिला सगळे खात्रीताई म्हणायचे. कुणीही फोटोखालची ओळ लिहून तिच्या टेबलावर आणली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "खात्री आहे?"

एजन्सी वर्तमानपत्रांना, पुस्तकवाल्यांना आणि वाहिन्यांना बातम्यांचे फोटो आणि चित्रफिती पुरवायची. प्रत्येक फोटोबरोबर दोन-तीन ओळी जायच्या: कोण, काय, कुठे, कधी. त्या तपासायचं काम तिचं. फोटोत पुढारी हात वर करून उभा असेल तर 'हात वर केलेला पुढारी' एवढंच लिहायचं. तो लोकांना अभिवादन करतोय की बंद पडलेला पंखा दाखवतोय, हे माहीत नसेल तर त्या वाटेला जायचं नाही. नवीन आलेल्यांना ती सांगायची, "सुतावरून स्वर्ग गाठायचा असेल तर कविता करा. इथे सूत दिसलं तर 'सूत' लिहायचं."

बाविसाव्या वर्षी ती इथे चिकटली, त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. भाऊ-वहिनीच्या घरी वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती, खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीची पाटी दिसणारी. वहिनी सोन्यासारखी होती, पण चिडली की म्हणायची, "आमच्या नणंदबाईंना भाजी चांगली झालीय म्हटलं तरी पुरावा लागतो."

एका सोमवारी सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"तुमच्याकडे एक फोटो आहे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "धक्क्यावरच्या बाईचा. डोक्याला रुमाल, हातात पिशवी."

कुठला फोटो ते तिला लगेच कळलं. एजन्सीत तो न पाहिलेला माणूस सापडला नसता. बंदराच्या धक्क्यावर एक तिशीतली बाई कठड्याला धरून उभी आहे. वाऱ्याने रुमाल कपाळावरून सरकलाय, गाल ओले आहेत आणि नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी लांब. कुठेही बोट बुडाली की तो फोटो छापून यायचा.

"त्याच्याखाली लिहिलंय की तिचा नवरा बोट बुडून मेला," आवाज म्हणाला.

"हो."

"तो नवरा मीच. मी मेलेलो नाही. आत्ता चहा पितोय."

तिच्या तोंडून सवयीने निघालं, "खात्री आहे?"

"कशाची? चहाची?" म्हातारा म्हणाला. "बाई, सत्तावीस वर्षं एका छपराखाली काढली तिच्याबरोबर. सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो, मासिक उघडलं तर ही. मग खालची ओळ वाचली. सलूनवाल्याला म्हटलं, बघ रे, मी मेलोय आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

तो हसला, पण ते हसणं मधेच कुठेतरी अडकलं. मग म्हणाला, "ती गेली त्याला चार वर्षं झाली. तिचा या वयातला फोटो घरात एकही नाही. मी येऊ का तिथे?"

तिने त्याला मंगळवारी सकाळी अकराची वेळ दिली. फोन ठेवून तिने संगणकावर तो फोटो उघडला. कॅप्शन होतं: 'बोट दुर्घटनेत पती गमावलेली स्त्री धक्क्यावर शोक करताना.' तारखेच्या जागी फक्त महिना आणि वर्ष. लिहिणाऱ्याच्या जागी दोन अक्षरं होती, ती तिचीच.

नोकरीला लागून तिला तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्या आठवड्यात बंदराच्या तोंडाशी प्रवासी बोट बुडाली होती आणि एजन्सीचे लोक धक्क्यावर तळ ठोकून होते. रोल एकामागून एक येत होते. या फोटोच्या पाकिटावर फोटोग्राफरने पेन्सिलीने एवढंच खरडलं होतं: 'धक्का, बाई.' तिने तो चेहरा पाहिला आणि तिला कुणाला काही विचारावंसंच वाटलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले होते. घरातल्या प्रत्येक आरशात तिला तोच चेहरा दिसत होता. नवरा बुडाला हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. तिने ते लिहिलं आणि ते खरं झालं.

तिच्या साहेबांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणायचे, कारण वाक्याच्या मधेच थांबून ते चहाचा घोट घ्यायचे. तिने जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"'ध'चा 'मा' झाला म्हणायचा," ते म्हणाले, आणि घोट घेतला. "'धक्क्यावर उभी असलेली स्त्री' असं कर. विषय संपला."

"माझी चूक आहे, साहेब. ज्यांनी ज्यांनी फोटो घेतलाय त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठवायला हवी."

"एकतीस वर्षांतल्या सगळ्यांना?" त्यांनी कप खाली ठेवला. असं ते क्वचितच करायचे.

मंगळवारी तो अकराला दहा मिनिटं असतानाच आला. सत्तरी ओलांडलेला, अंगाने लहानखुरा, हाताची नखं कायमची काळवंडलेली. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनखान्यात काम केल्याची ती खूण. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. मासिकाचं पान त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. ती त्याला काका म्हणू लागली.

तिने आधी माफी मागितली. ओळ मी लिहिली, असं स्पष्ट सांगितलं. काकांनी हात हलवला.

"तुम्ही लहान असाल तेव्हा. तिचं नाव मात्र घालू नका, तिला आवडायचं नाही. मला मेलेला म्हणू नका म्हणजे झालं." मग ते पुढे सरकून स्क्रीनकडे बघत राहिले. तिने फोटो मोठा केला. त्यांनी बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही. "हा स्वेटर मी पाठवला होता. गळ्याशी टोचतो म्हणायची."

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हा कुठल्या दिवशीचा?"

"महिना आहे, तारीख नाही."

"तारीख सापडेल का?"

"कशाला हवीय, काका?"

ते मान खाली घालून नखं बघू लागले. मग सांगायला लागले.

त्या वेळी लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातले सगळे मिळून पाच महिने ते घरी राहिले असतील. त्या महिन्याच्या अकरा तारखेला त्यांचं जहाज येणार होतं, तसं त्यांनी बायकोला कळवलं होतं. पण वाटेतल्या एका बंदरात कंपनीने विचारलं, दुसऱ्या जहाजावर माणूस कमी आहे, आणखी चार महिने थांबतोस का? ते हो म्हणाले. त्याच दिवशी घरी पत्र टाकलं.

"चार महिन्यांनी घरी गेलो. तिला विचारलं, पत्र वेळेवर मिळालं होतं ना? म्हणाली, मिळालं की. मी कशाला येतेय धक्क्यावर, मला काय दुसरी कामं नाहीत? आमच्या गावाहून बंदर तीन तासांवर. तिला समुद्राचा वास सहन व्हायचा नाही, कारणाशिवाय कधी गेली नसती." त्यांनी पानाकडे बोट केलं. "मग ही तिथे काय करतेय?"

"तुम्ही हो का म्हणालात? थांबायला?" तिच्या तोंडून निघून गेलं. हा प्रश्न कॅप्शनच्या कामाचा नव्हता.

"खरं सांगू? मला घरी जायची भीती वाटायची. जहाजावर सगळं माहितीचं असतं. कुठला पंप कसा कुरकुरतो ते झोपेत ओळखायचो. घरी आलो की ती समोर बसायची आणि मला एक शब्द सुचायचा नाही. तीही अबोल. मला वाटायचं, मी आलो काय, न आलो काय, हिला सारखंच."

ते गेल्यावर ती तळघरात उतरली. जुन्या कॅसेट तिथल्या लोखंडी कपाटांत होत्या. फोटोग्राफर केव्हाच वारला होता, पण त्याच दिवसांत एजन्सीच्या कॅमेरामननेही धक्क्यावर चित्रण केलं होतं. दोन दिवस ती जेवणाच्या सुट्टीत धुळीत बसून कॅसेट बघत राहिली. स्ट्रेचर, पोलीस, रिकामा समुद्र. तिसऱ्या दिवशी एका कॅसेटमध्ये मागे एक मोठं मालवाहू जहाज लागलेलं दिसलं. शिडीवरून खलाशी उतरत होते आणि शिडीच्या पायथ्याशी ती उभी होती.

तीन-चार मिनिटांचा तुकडा होता. खात्रीताईने तो एकदाच पाहिला आणि मशीन बंद केलं.

कॅसेटवर लेबल होतं: अकरा. पण लेबल म्हणजे पुरावा नव्हे, कॅसेट तेव्हा पुसून पुन्हा वापरायचे. तिने मशीन पुन्हा चालू केलं, चित्र थांबवून जहाजाच्या अंगावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि बंदराच्या कचेरीला पत्र लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं: सदर जहाज अकरा तारखेला सकाळी दहा चाळीसला धक्क्याला लागलं. त्या महिन्यात दुसऱ्यांदा आलं नाही.

आता संशयाला जागा उरली नव्हती. पत्रापेक्षा जहाज आधी पोचलं होतं.

स्वल्पविराम म्हणाले, "म्हाताऱ्याला कशाला सांगतेस? महिना लिहिलेला आहे, तो बरोबरच आहे. बायको स्वतः नाही म्हणाली ना त्याला? तिचं राहू दे झाकलेलं."

तिलाही ते पटत होतं. संध्याकाळी घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरून चालत गेली. त्या बाईने सत्तावीस वर्षं जे लपवलं ते उघडं करायचा हिला काय अधिकार? पण तारीख त्यांनी विचारली होती. आणि एकदा हिने मनानेच ठरवून त्या बाईच्या तोंडावर काहीतरी चिकटवलं होतं, ते एकतीस वर्षं सुटलं नव्हतं. आता पुन्हा मनानेच ठरवून गप्प बसायचं? दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला.

"काका, तारीख सापडलीय. सांगू का, तुम्हीच ठरवा."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"फोनवर नको. येतो."

तळघरातल्या मशीनसमोर तिने दोन खुर्च्या मांडल्या. "अकरा," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, जणू घरून निघतानाच त्यांना ते माहीत होतं. मग तिने कॅसेट लावली.

शिडीवरून माणसं उतरताहेत. बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतेय. एक उतरला की पुढचा. माणसं संपतात. ती वर बघते. उशिराने एक जाडा खलाशी खाली येतो, टोपी काढतो, तिला काहीतरी सांगतो. ती हसते. अगदी मोकळी, पाहुण्याशी हसावं तशी. पिशवीतून एक डबा काढून ती त्याच्या हातात देते. तो नको नको म्हणतो, ती आग्रह करते. तो डबा घेऊन जातो. ती चार पावलं चालते, परत वळते आणि कठड्याला धरते. इथे चित्र संपलं.

"परत लावा," काका म्हणाले.

तिने परत लावलं. मग आणखी एकदा.

"तो डबा," काका म्हणाले. "निळ्या झाकणाचा. मी घरी आलो तेव्हा दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, हरवला. मी तिला रागावलो. म्हटलं, एवढा चांगला डबा, वस्तू सांभाळता येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "तीन तास मांडीवर धरून आणला असेल हो तिने. आणि हा जाड्या, माझ्याच जहाजावरचा, इतका बडबड्या माणूस, एका शब्दाने बोलला नाही मला. तिनेच सांगितलं असणार, बोलू नकोस म्हणून."

खात्रीताईने मशीन बंद केलं.

"मला वाटायचं, हिला सारखंच," ते म्हणाले. "मी पुढे किनाऱ्यावरची नोकरी धरली, घरी राहिलो, सगळं झालं. पण मनात ते होतंच, की ही काही आपली वाट बघणारी नाही. तिला हे कधी दाखवलं नाही, पण तिला काय कळलं नसेल? आणि ही बघा."

तिने वही उघडली. "काका, नवी ओळ लिहायचीय. 'पतीची वाट पाहणारी स्त्री' असं मला लिहिता येणार नाही. वाट पाहणं फोटोत दिसत नाही, ते कुणीतरी सांगावं लागतं."

"मी सांगतो की."

"मग 'पतीने दिलेल्या माहितीनुसार' असं लिहीन."

"'हयात पतीने' लिहा," काका म्हणाले आणि डोळे पुसता पुसता हसले.

तिने लिहिलं: 'धक्क्याला लागलेल्या जहाजावरून उतरणाऱ्यांमध्ये पतीला शोधल्यानंतर कठड्यापाशी उभी असलेली स्त्री. पती त्या जहाजावर आला नव्हता. तो हयात आहे. माहिती: पती.' पुढे तारीख आणि दुरुस्तीचं कारण, आधीची ओळ लिहिणारीची चूक. त्या आठवड्यात तिने स्वतः बसून ज्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना ती पाठवली. स्वल्पविरामांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. त्यानंतर त्या फोटोची मागणी जवळजवळ थांबली. शोक करणारी बाई सगळ्यांना हवी होती. नवरा हयात असलेली कुणाला नको होती.

काकांना तिने फोटोची मोठी प्रत करून दिली. ते पाकीट घेऊन दारापर्यंत गेले आणि वळले.

"ती किती वेळ थांबली असेल तिथे? तेही कळतं का?"

तिने आधी नाही म्हटलं. पण कामाची सवय सुटत नाही. तिने फोटोग्राफरचा मूळ रोल काढला. बाईचे सहा फोटो होते आणि पाचात मागच्या मनोऱ्याचं घड्याळ आलं होतं. पहिल्यात अकरा वाजून दहा. मग फोटोग्राफर दुसरीकडे गेला, परत आला, तेव्हाही ती तिथेच होती. शेवटच्या फोटोत पावणेचार. तो फोटो कुणी कधी विकला नव्हता, कारण त्यात तिची फक्त पाठ होती.

"साडेचार तासांच्या वर," तिने फोनवर सांगितलं.

"बरं," काका म्हणाले. मग म्हणाले, "रविवारी तुम्हाला काही काम आहे का?"

रविवारी ते दोघं बसने बंदरावर गेले. एकतीस वर्षं त्या धक्क्याबद्दल ओळी तपासूनही ती तिथे कधी आली नव्हती. जुना मनोरा पाडला होता. कठडा नवा, पिवळा रंगवलेला. काकांनी मोठा फोटो समोर धरून मागच्या टेकडीचा उतार जुळवला आणि जागा शोधली. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते कठड्याला धरून उभे राहिले.

तिने सांगून पाहिलं, "काका, बाकावर बसा. इथूनही समुद्र दिसतो."

"ती बसली नव्हती."

ती बाकावर बसली. एक सुरक्षारक्षक येऊन विचारून गेला, कुणाची वाट बघताय का? काका हो म्हणाले. दुपारी तिने पाव आणून दिला, तो त्यांनी उभ्यानेच अर्धा खाल्ला. वारा खारट होता आणि डोळ्यांना झोंबत होता. तिच्या लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी ओघळतंय, आणि ते वाऱ्याने की कशाने, हे तिलाही खात्रीने सांगता आलं नसतं.

तिसऱ्या तासाला काका समुद्राकडे बघतच म्हणाले, "आता तिचे पाय दुखायला लागले असतील."

थोड्या वेळाने म्हणाले, "आता तिला वाटलं असेल, शेवटची बस चुकेल."

मग पुढे ते काही बोलले नाहीत. एकदा फक्त त्यांचे ओठ हलले. जहाजावरून उतरताना माणूस लांबून कुणाला हाक मारतो, तसे. ती बाकावरून उठली आणि त्यांच्याशेजारी जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. तिला वडील आठवले, शेवटच्या दिवशी ती कॉलेजातून उशिरा पोचली होती ते आठवलं. ते कुणाला सांगावं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. आता वाटलं, पण ती बोलली नाही. काकांचं उभं राहणं मोडायला नको होतं.

पावणेचार वाजले. काकांनी घड्याळ पाहिलं, पण कठडा सोडला नाही.

"झाले, काका."

"हो," ते म्हणाले. "मला आणखी थोडं थांबू द्या. तुमची बस असेल तर तुम्ही जा."

"बसगाड्या आहेत भरपूर," ती म्हणाली, आणि दोघं तिथेच उभे राहिले.